पानी उना का? – शाळेच्या हवामान भित्तीपत्रकाच्या नोंदी

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली. पट सदतीस, चार वर्ग, आम्ही दोघं शिक्षक. गाव अमळनेर तालुक्यातलं, कोरडवाहू, कपाशी-बाजरी-मका. मी अमळनेरहून गाडीवर अपडाऊन करतो, मॅडम गावातच राहतात. यंदा काहीतरी वेगळं करायचं म्हणून हवामानावर भित्तीपत्रक काढायचं ठरवलं, दर शनिवारी नवीन अंक, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर लावायचा म्हणजे पोरांबरोबर गावालाही दिसेल. ह्या वहीत रोजचं काय झालं ते टाकत जातो, नाहीतर वर्षाच्या शेवटी अहवाल लिहायला बसलं की एक अक्षर आठवत नाही.

सामान: कार्डशीट चार, मार्कर, स्केचपेन, फेविकॉल, गव्हाच्या पिठाची खळ (मॅडमच्या घरून). अनुदान आल्यावर बघू, तोवर खिशातून.

१७ जून, मंगळवार

पहिला अंक मी एकट्यानेच रात्री बसून बनवला आणि फसला. नेटवरून चित्रं काढली, चार ऋतू, छत्रीवाली मुलगी, लाल पानांचं झाड, बर्फाचा बाहुला, खाली ‘हवामान म्हणजे काय’ अशी व्याख्या. दिसायला एकदम भारी. सकाळी लावला. पहिलीतलं एक पोरगं बर्फाकडे बोट दाखवून विचारतं, सर हा कापूस आहे का. त्याचं काय चुकलं? इथे पांढरं म्हणजे कापूसच. मॅडमनी लांबून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, सर हा पेपर कोणत्या गावचा आहे?

दुसरं म्हणजे मी तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावला होता. पहिली-दुसरीच्या पोरांना वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता, ती माना वर करून थोडा वेळ बघायची की चालली खेळायला. अक्षरंही बारीक. दोन मीटरवरून वाचता यायला मथळा निदान दीड-दोन इंच उंच हवा आणि आतला मजकूर बोटाच्या पेराएवढा, हे आज फूटपट्टी घेऊन पोरांना उभं करून तपासलं. म्हणजे एका कार्डशीटवर फार तर साठ-सत्तर शब्द. माझ्या अंकात तीनशेच्या वर होते.

१८ जून, बुधवार

नावावर मतदान घेतलं. ‘हवामान वार्ता’ (माझं), ‘गडगडाट’, ‘ढगांची शाळा’ आणि ‘पानी उना का?’. शेवटचं नाव, म्हणजे ‘पाऊस आला का?’, चौथीतल्या मुलीने सुचवलं, तिची आजी रोज सकाळी अंगणातून हाच प्रश्न विचारते म्हणे. सदतीसपैकी एकोणतीस मतं तिला. मला आधी वाटलं शाळेचा पेपर आहे, अहिराणीत नाव कसं चालेल, मग वाटलं का नाही चालणार, सगळं गाव तसंच बोलतं. मथळा अहिराणीत, आतला मजकूर पुस्तकी मराठीत आणि एक चौकोन ‘आबा काय म्हणतात’ तो जसा बोलला तसा, असं ठरलं.

आणि दुसरं ठरलं ते महत्त्वाचं. पेपरात फक्त इथलं हवामान येणार आणि ते पोरं स्वतः मोजणार. पर्जन्यमापक बनवला: कोल्ड्रिंकची सव्वा लिटरची बाटली, सरळ अंगाची बघून घेतली, बुडाला खड्डे असतात म्हणून घरकुलाच्या कामावरचं थोडं सिमेंट कालवून तळ सपाट केला, सिमेंटच्या वरच्या पातळीपासून शून्य धरून बाहेरून मिलिमीटरची कागदी पट्टी पारदर्शक टेपखाली चिकटवली. तोंडाला घरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं बसवलं. हे नरसाळं पुढे नडणार होतं पण तेव्हा कुणाला कळलं नाही.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण हवामान खातं देशभर त्याच वेळी मोजतं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितं. ह्यावर अर्धा तास वाद झाला. काल संध्याकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेत कसा? शेवटी एकाने सोडवलं, सर दूध नाही का, डेअरीत कालचं संध्याकाळचं आणि आजचं सकाळचं आज लिहितात. डेअरीत नक्की असंच लिहितात का मला माहीत नाही पण वाद मिटला.

साडेआठला मी गावात नसतो, शनिवारची सकाळची शाळा सोडली तर. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या सहा पोरांची पाळी लावली, शनिवार माझ्याकडे. पाळीवाल्याने आकडा बघून भिंतीवरच्या पट्टीत लिहायचा, पाऊस असेल तर निळा थेंब काढायचा. वहीत वेगळी नोंद.

२० जून, शुक्रवार

पहिला पाऊस! रात्री झाला. पाळीवाल्या मुलीने सकाळी लिहिलं: ५०. पन्नास मिलिमीटर. पोरं नाचत होती. मीही खूश, पहिल्याच पावसात पन्नास.

२१ जून, शनिवार

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपल्या महसूल मंडळाचा आकडा आला, १६. गाव आणि मंडळाचं ठिकाण ह्यात फरक पडतोच, एका शिवारात पडतो आणि पलीकडे कोरडं असतं हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण सोळा आणि पन्नास? चौथीच्या पोरांना म्हटलं, चला शोधू कुठे चुकलं.

दोन्ही तोंडं चौकटीच्या वहीवर ठेवून पेन्सिलीने गोल काढले. एक सेंटिमीटरच्या चौकटी. बाटलीचा गोल नऊ सेंटिमीटर रुंद, पूर्ण चौकटी मोजल्या, अर्ध्या-पाव जोडल्या, झाल्या साधारण ६४. नरसाळ्याचा गोल पंधरा सेंटिमीटरचा, त्यात १७७. म्हणजे पाऊस गोळा करतं एवढं मोठं तोंड आणि साठतो एवढ्या बारीक पोटात, पावणेतीन पट फुगून दिसणारच. पन्नास भागिले पावणेतीन, अठरा. मंडळाचे सोळा, आपले अठरा. जुळलं. पोरांपेक्षा मीच जास्त खूश झालो, कारण भागाकार शिकवायला असलं उदाहरण मला दहा वर्षांत मिळालं नव्हतं.

नरसाळं काढून टाकलं. बाटलीचाच वरचा भाग कापून उलटा बसवला, तोंड आणि पोट एकाच मापाचं. आता पट्टीवर दिसेल तोच पाऊस.

पहिला खरा अंक आज लागला, पोरांच्या छातीच्या उंचीवर. मथळा: ‘५० नव्हे, १८!’ खाली दोन गोल.

२४ जून, मंगळवार

२२ मिलिमीटर. काल दुपारी शाळा चालू असताना जोरदार कडकडाट झाला, पहिलीची पोरं रडायला लागली. मग वीज दिसली की ‘एक हत्ती, दोन हत्ती’ असं मोजायला लावलं, एक हत्ती म्हणजे साधारण एक सेकंद. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन हत्तींना एक किलोमीटर. आम्हाला बारा हत्ती मिळाले, वीज चार किलोमीटरवर. पोरं लगेच भांडायला लागली की चार किलोमीटरवर कोणतं गाव येतं. रडणं बंद.

पण अर्धवट शिकवलं तर धोका, म्हणून ह्याच अंकात मोठ्या अक्षरात टाकणार आहे: तीस हत्तींच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात जा, झाडाखाली थांबू नका, शेतात असाल तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे झोपू नका. मोठ्यांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप, ते फोनमध्ये टाकून द्या असंही. इथे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शिवारात बैल नाहीतर माणूस जातोच विजेने, त्यामुळे हा चौकोन मी पोरांवर सोडला नाही, स्वतः लिहिला.

२५ जून, बुधवार

बकरीने अंक खाल्ला. खरंच. खळ लावलेला खालचा अर्धा कागद, ‘वीज’ चौकोनासकट. गव्हाच्या पिठाची खळ आणि बकरीच्या तोंडाची उंची, दोन्ही चुका माझ्याच. शाळेचं कंपाउंड एका बाजूने पडलेलं आहे, गुरं-ढोरं आत येतात. आता जुन्या फळ्याच्या चौकटीत कागद टाचण्यांनी बसवायचा, खळ बंद. उरलेल्या कागदावर सकाळच्या भुरभुरीने स्केचपेनची शाई पसरलेली होतीच. स्केचपेन बंद, मेणाचे खडू आणि पक्का मार्कर. मेणखडूवर पाणी टिकत नाही हे पोरांना एवढं आवडलं की दोघं-तिघं घरून चित्रं काढून आणतात आणि हापशाखाली धरून बघतात.

२८ जून, शनिवार

ह्या आठवड्याचे आकडे: २४ ला २२, २६ ला ९, २७ ला १४, आज ३. आधीचे १८ धरून ६६.

गावाने पेपर वाचायला सुरुवात केली ती ह्या बेरजेमुळे. कृषी खात्याचा सल्ला असतो की पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण आपल्या गावात किती झाला हे कुणी सांगत नाही. इथे भिंतीवर रोज बेरीज. सकाळी दूध घालून परतणारे लोक सायकल थांबवून बघतात.

चौथीच्या पोरांना एक हिशेब दिला, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. तर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर चाळीस हजार लिटर, पाच हजारी आठ टँकर. त्यांनी कागदावर आठ टँकर काढले, आठव्याला जागा उरली नाही म्हणून तो उभा काढला. टँकरचं चित्र बघून एक जण म्हणाला, मग आभाळाला बिल किती झालं? एका टँकरचे किती घेतात हे ह्या गावाला तोंडपाठ आहे, दर उन्हाळ्यात पाहिलंय.

‘पावसाचा दिवस’ ह्यावरून आज भांडण. हवामान खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. पोरांचं म्हणणं २५ ला भुरभुर झाली, आपला पेपर भिजला, मग तो पावसाचा दिवस कसा नाही? बाटलीत पट्टीच्या पहिल्या रेघेलाही पाणी पोचलं नव्हतं. शेवटी थेंबाचे दोन प्रकार केले, भरलेला थेंब आणि नुसत्या रेघेचा पोकळ थेंब.

१ जुलै, मंगळवार

‘हवामान खातं’ हा चौकोन केला. तिसरीतली मुलगी: सर खातं म्हणजे बँकेत असतं ते? त्यात किती पैसे आहेत? हसलो पण तिचंही बरोबर आहे. लिहिलं असं: भारताचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्य ऑफिस आधी कलकत्त्याला, मग शिमल्याला होतं, १९२८ साली पुण्यात आलं, म्हणून पुण्यात अजून त्या जागेला शिमला ऑफिस म्हणतात. मी डीएडला असताना तिथून बसने जायचो आणि मला बरेच दिवस वाटायचं की तिथे सफरचंदांचं काहीतरी आहे.

रंगांचे इशारेही टाकले. विचारलं पिवळा इशारा म्हणजे काय, सगळा वर्ग एका सुरात, ऊन! लाल म्हणजे? खूप ऊन! आता ह्यांच्या दृष्टीने तर्क अगदी पक्का आहे. म्हणून प्रत्येक रंगासमोर माणूस काढला: हिरवा खाटेवर बसलेला, पिवळा आभाळाकडे बघणारा, नारंगी गुरं आत बांधणारा, लाल घराचं दार लावणारा. चित्र मॅडमचं. नारंगीतली म्हैस फारच छान आलीय.

२ जुलै, बुधवार

‘आबा काय म्हणतात’ साठी पोरं घराघरांतून गोळा करून आली. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं तर भरपूर, कोल्हा असला तर बोंब. आणि एका आजीने आखाजीचं (अक्षय तृतीयेचं) सांगितलं, घागर भरताना खाली मातीची चार ढेकळं ठेवतात, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन, ज्याचं ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. तिच्या घरी यंदा श्रावणाचं ढेकूळ पार विरघळलं होतं.

मॅडमना हे छापणं पटलं नाही. म्हणाल्या, पोरांना विज्ञान शिकवताय का ढेकळं. मी म्हटलं छापू पण पुढे रिकामा चौकोन ठेवू, ‘खरं झालं का?’, तो दसऱ्याला भरायचा. आजीलाही सांगितलं. ती म्हणाली भरा, मला काय.

४ जुलै, शुक्रवार

आजची नोंद लांबणार.

२९ जूनपासून पाऊस नाही. २९, ३०, १, २, सगळे शून्य. काल गुरुवारी पाळीवाल्याने लिहिलं होतं १२. भरलेला निळा थेंब, बेरीज ७८. मी काल साडेदहाला आलो, बघितलं, इथे रात्री येऊन गेला वाटतं असं म्हणून वर्गात गेलो. अमळनेरात थेंब नव्हता पण तसं होतं कधीकधी. खाली वाकून माती बघायचं डोक्यातही आलं नाही.

आज सकाळी गाडी लावत होतो तर गावातले आबा भिंतीसमोर उभे. चष्मा वर करून आकड्याला बोट लावलेलं. म्हणाले, सर, रातले ते चांदनं व्हतं.

माझ्या पोटात गोळा. अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरच्या वर. आपणच गावाला सांगून ठेवलंय की पंच्याहत्तर झाल्याशिवाय पेरू नका, म्हणजे झाल्यावर पेरा असाच त्याचा अर्थ, आणि काल सकाळपासून तो आकडा भिंतीवर आहे. कुणी काल पेरलं असेल तर? बियाणाच्या एका पाकिटाला किती पडतात हे इथल्या पोरांनाही माहीत आहे. मी आबांना तेच विचारलं, कुणी पेरलं का हो हे वाचून? ते एवढे हसले की खोकला आला. तुमना पेपर वाचीसन पेरसूत का आम्ही? माटीमा बोट घालीसन दखतस.

बरं वाटलं आणि थोडं लागलंही, खोटं का बोलू.

तो आकडा लिहिणारा तिसरीतला आहे. गुरुवार त्याचा. मी वर्गात कुणाला काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तो आपणहून पाण्याच्या टाकीपाशी आला, खिचडीची ताटली हातात तशीच. मी टाकलं सर. किती? पेलाभर. कोणता पेला? चहाचा. मी मनात हिशेब केला, नऊ सेंटिमीटरच्या बाटलीत बारा मिलिमीटर म्हणजे जेमतेम पाऊण कप, बरोबर जुळतो. का टाकलंस विचारल्यावर बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला, मग म्हणाला, सगळ्यांच्या पाळीला येतो, माझ्या पाळीला एकदा पण नाही आला.

वहीत बघितलं. १९ ला शून्य. २६ ला नऊ आहे, पण त्या दिवशी हा मामाच्या गावी गेलेला आणि पाळी दुसरीने केलेली. आणि मग काल. खरंच एक थेंब नाही त्याच्या नावावर. थेंब काढायला मिळावा म्हणून मी रांग लावली, कोरडा दिवस लिहिणाऱ्याला मी काय दिलं होतं? एक शून्य, तेही बारीक पेन्सिलीने.

मॅडम म्हणाल्या रागवायला पाहिजे होतं. असेल. मला जमलं नाही.

५ जुलै, शनिवार

आजच्या अंकात सगळ्यात वर दुरुस्तीचा चौकोन. शब्द त्याचेच, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं: ‘३ जुलैला पाऊस पडला नाही. बाटलीत पेल्याने पाणी टाकले होते. आकडा ० आहे. बेरीज ७८ नाही, ६६ आहे.’ कुणी टाकलं ते लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्याने खाली आपलं नाव घातलं, मी खोडायला गेलो तर म्हणाला राहू द्या, सगळ्यांना माहीत आहे.

दोन बदल. पाळी आता दोघांची. आणि शून्यालाही जागा, थेंबाएवढीच मोठी, त्यात दुपारी दोनचं तापमान लिहायचं. म्हणजे कोरड्या दिवशीही पाळीवाल्याला काहीतरी मोजायला आहे.

८ जुलै, मंगळवार

तापमानाचीही गंमत झाली. घरगुती थर्मामीटर व्हरांड्याच्या पत्र्याखाली टांगला होता, काल दुपारी ४१. जुलैत एक्केचाळीस? पोरांना काही वाटलं नाही, मे महिन्यात पंचेचाळीसचे आकडे ऐकलेली पोरं ती. पण तो हवेचा नाही, पत्र्याचा ताप. थर्मामीटर सावलीत हवा, वारा लागायला हवा, जमिनीपासून दीड मीटरभर वर. हवामान केंद्रात त्यासाठी पांढरी झडपांची पेटी असते, स्टीव्हन्सन नावाच्या इंजिनिअरने केलेली. आम्ही द्राक्षाचं लाकडी खोकं आणलं, त्याच्या पट्ट्यांत फटी असतातच, चुना मारला, उत्तरेला तोंड करून लिंबाच्या खाली खांबाला बांधलं. आज दोन वाजता आत ३४, पत्र्याखाली ४०. दोन्ही आकडे शेजारी लिहिले. दुसरीतल्या मुलीचा प्रश्न: मग आपला वर्ग पत्र्याखाली का आहे? ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, पेपरात छापलं तसंच.

वाऱ्याचा बाणही झाला, स्ट्रॉ, टाचणी, पेन्सिल, लग्नपत्रिकेचा पुठ्ठा. बाणाचं टोक जिकडून वारा येतो तिकडे असतं हे पटवायला दोन दिवस गेले. वारा रोज पश्चिमेचाच. त्यावर चौथीच्या मुलांनी वाक्य केलं: ‘तापी मुलताईहून निघून पश्चिमेला समुद्राकडे जाते आणि ढग समुद्राकडून तिच्या उलट वर येतात.’ आतापर्यंतच्या सगळ्या अंकांत मला हेच वाक्य सगळ्यात आवडलं. ढग येतात पण खाली काही टाकत नाहीत, ही तक्रार बाणाच्या खाली कुणीतरी खडूने जोडलीय.

१२ जुलै, शनिवार

चौदा शून्य. २९ जून ते १२ जुलै. ज्यांनी सहासष्टवर पेरलं त्यांची बाजरी दोन पानांवर येऊन माना टाकतेय, दुबार पेरणीचं बोलणं सुरू झालंय. घराघरांत ताण आहे आणि पोरं तो घेऊन शाळेत येतात.

मला अंक काय काढावा कळत नव्हतं. मुलींनी काढला. चौदा शून्यं, पहिलं रुपयाएवढं, मग वाढत वाढत शेवटचं ताटलीएवढं, बांगड्यांसारखी एकात एक अडकवलेली, वर नाव ‘पानी उना का?’ आणि खाली एकच शब्द, ‘नही’. आत दुपारचं तापमान, बास. एकही लेख नाही. दिवसभर जेवढे लोक ह्या अंकासमोर थांबले तेवढे आधी कधी थांबले नव्हते. एका बापाने फोटो काढून ग्रुपवर टाकला, कुणी काही लिहिलं नाही त्यावर.

१४ जुलै, सोमवार

काल रविवारी रात्री पाऊस झाला, अकराला सुरू झाला तो पहाटेपर्यंत. अमळनेरातही झोडपलं. सकाळी गाडी चिखलात दोनदा घसरली पण मी गातच आलो.

शाळेत आलो तर पाळीची दोघं भिंतीपाशी गप्प उभी. बाटली जागेवर नाही. पडक्या कंपाउंडातून गुरं आत आली असणार, बाटली दहा-बारा फुटांवर आडवी, सिमेंटचा बुंधा चिखलात, आत थेंब नाही. हंगामातला सगळ्यात मोठा पाऊस आणि आकडा नाही.

सगळी शाळा उपायाला लागली. एकाने घमेलं आणलं, अंगणात रात्रभर होतं, बोटभर पाणी. चौथीतली लगेच म्हणाली नाही चालणार, घमेल्याचं तोंड मोठं आणि बूड लहान, नरसाळ्यासारखं होईल. (अठराचा अंक आठवत होता तिला.) मग सरळ अंगाचं काहीतरी शोधा. तिसरीतला तो धावत घरी गेला आणि परत आला, त्यांच्या अंगणात तेलाचा पंधरा किलोचा वरून कापलेला डबा आहे, चारी बाजू सरळ, उघड्यावर होता. आम्ही सगळे गेलो. फूटपट्टी सरळ आत धरली. ४७ मिलिमीटर. पोरांनी आरडाओरडा केला, सत्तेचाळीस आणि सहासष्ट, एकशे तेरा!

तो डब्यात बघत उभा होता. म्हणाला, सर, पण ह्यात आधीचं पाणी असेल. आई म्हशीसाठी टाकून ठेवते. काल टाकलं होतं का माहीत नाही.

त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली टाकलं असेल, आठवत नाही, लक्षात कोण ठेवतं.

पोरांपैकी निम्मी म्हणत होती लिहू, एवढा तर पडलाच असेल, शेतं बघा. खरंय, पडला असेलही. मतदान घेतलं नाही. भिंतीवर १४ तारखेच्या चौकोनात त्याने आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘पाऊस भरपूर. बाटली पडली. आकडा नाही.’ पुढचं विचारलं, सर, रेघ असली तर बेरीज किती धरायची? ६६ आणि पुढे अधिकचं चिन्ह, एवढंच ठेवलं.

आबा संध्याकाळी येऊन वाचून गेले म्हणे. पेरणी सुरू आहे, उद्या हजेरी निम्मी असेल.

१५ जुलै, मंगळवार

हजेरी सोळा. बाटलीभोवती विटांचं आळं, वर तारेची जाळी नको, थेंब अडतील. खांबाला क्लिपने बांधायची, तोंड गुरांच्या पाठीच्या वर राहील एवढ्या उंचीवर. विटा सहा, तार दोन मीटर, क्लिप दोन. आजचा आकडा: ४. थेंब भरलेला.